फ्रीस्टाईल म्हणजे क्रॉल का? स्पर्धेचा फॉर्म भरणाऱ्या एका आईला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "मुलगा सातवीत आहे. मामाबरोबर मलप्रभेत पोहायला शिकला, मग दोन उन्हाळे बेळगावला तलावावर क्लास लावला. ब्रेस्टस्ट्रोक छान पोहतो. आता शाळेतून स्पर्धेचा फॉर्म आलाय. शाळेतले सर म्हणतात, फ्रीस्टाईल म्हणजे कसंही पोहा, तिथं नाव घाला. क्लासचे सर म्हणतात, त्याची फ्रीस्टाईल अजून बसलेली नाही, घालू नका. कसंही पोहायचं असेल तर 'बसलेली नाही' म्हणजे काय? दोघांतलं खरं कुणाचं?"

ताई, दोघांचंही खरं. दोघं एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतायत, एवढीच भानगड आहे. शाळेतले सर शर्यतीबद्दल बोलतायत, क्लासचे सर हात टाकण्याच्या पद्धतीबद्दल. पोटावर झोपून एकेक हात पाण्यावरून पुढं टाकत, पाय वरखाली मारत पोहायच्या त्या पद्धतीचं खरं नाव क्रॉल. फ्रीस्टाईल हे शर्यतीचं नाव. मी सव्वीस वर्षं तलावाच्या काठावर उभा आहे आणि दर मे महिन्यात हा गोंधळ बघतो. तो साधा वाटतो, खरं त्यापायी पोरांची शर्यत जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागात 'फ्रीस्टाईल' हा शब्द पोरांच्या कानावर पहिल्यांदा पोहण्यातून येतच नाही. तो येतो पेपरातून. 'दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी' असा मथळा महिन्या-दोन महिन्यांनी असतोच. त्यामुळे फ्रीस्टाईल म्हणजे ज्याला नियम नाही ते, असं डोक्यात बसतं. पण आपल्याकडं तालमी आहेत, कुस्तीची मैदानं आहेत. तिथल्या जाणत्या माणसाला विचारा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घेता येत नाही, पायाचा वापर करता येत नाही. फ्रीस्टाईलमध्ये तेवढं बंधन नाही, म्हणून ती फ्री. बाकी गुण, वेळ, चितपट, बाद होणं, सगळं आहेच. पोहण्यातही तेच. फ्री म्हणजे सगळ्या नियमांतून सुटका नव्हे. हातपाय कसे हलवायचे या एका नियमातून सुटका.

नियम सांगतो. वर्ल्ड ॲक्वाटिक्स ही जागतिक संघटना (२०२२ अखेरपर्यंत तिचं नाव फिना होतं) म्हणते की फ्रीस्टाईलच्या शर्यतीत पोहणाऱ्यानं कोणत्याही शैलीत पोहावं. ब्रेस्टस्ट्रोक (पोटावर, दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम, बेडकासारखं) चालेल, पाठीवर चालेल, कुत्रा पोहतो तसं पोहलं तरी चालेल. मधेच शैली बदलली तरी चालेल. भिंतीला प्रत्येक फेरीत शरीराचा कोणताही भाग लागला म्हणजे झालं, हातच लागला पाहिजे असं नाही. म्हणूनच मोठी मुलं भिंतीजवळ कोलांटी मारून नुसते पाय लावतात आणि फिरतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये (बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढं टाकत पोहणं) हे चालत नाही, तिथं दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. उडी मारल्यावर आणि प्रत्येक वळणानंतर पाण्याखालून जास्तीत जास्त १५ मीटर जाता येतं, त्याच्या आत डोकं पाण्यावर आलंच पाहिजे. आणि तुमच्या मुलासाठी सगळ्यात कामाचा नियम हा: फ्रीस्टाईलमध्ये दमून तळाला पाय टेकवून क्षणभर उभं राहिलं तर पोहणारा बाद होत नाही. चालायचं मात्र नाही, आणि दोरी धरून स्वतःला पुढं ओढायचं नाही. पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आवर्जून सांगतो. भीती निम्मी तिथंच उतरते.

आता साहजिक प्रश्न येतो. कसंही पोहायची मुभा आहे तर टीव्हीवर सगळे एकसारखेच का पोहतात? कारण क्रॉलपेक्षा वेगानं पाण्यावरून जायची रीत अजून माणसाला सापडलेली नाही. २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक संपलं तेव्हाचे पुरुषांचे १०० मीटरचे जागतिक विक्रम बघा. फ्रीस्टाईल ४६.४० सेकंद, बटरफ्लाय ४९.४५, बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवरचं पोहणं, ५१.६०, ब्रेस्टस्ट्रोक ५६.८८. फ्रीस्टाईल आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दहा सेकंदांचा फरक आहे. शंभर मीटरला दहा सेकंद म्हणजे क्रॉलवाला भिंतीला हात लावून गॉगल काढतो तेव्हा दुसरा अजून पंधरा-सतरा मीटर मागं असतो. मग कोण कशाला दुसरं काही पोहेल?

हे असं कसं झालं ते समजलं की नावाचा घोळ आपोआप सुटतो. १८९६ साली अथेन्सला पहिलं ऑलिंपिक झालं तेव्हा पोहण्याच्या शर्यती समुद्रात झाल्या आणि त्यात शैली अशी वेगळी नव्हतीच. शंभर मीटर कसेही जा, जो आधी पोचेल तो जिंकला. हंगेरीचा आल्फ्रेड हायोश जिंकला, १ मिनिट २२.२ सेकंदांत. युरोपात तोवर प्रतिष्ठेचं पोहणं म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक. १८७५ मध्ये मॅथ्यू वेबनं इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनं, जवळजवळ बावीस तास लागले त्याला.

हात पाण्यावरून टाकत पोहणं जगात इतरत्र पिढ्यान् पिढ्या चालू होतं. १८४४ साली लंडनला उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांपैकी दोघांनी ते पोहून दाखवलं, तेव्हा तिथल्या लोकांना ते धसमुसळं वाटलं. हात पवनचक्कीसारखे काय फिरवतात, पाणी काय उडवतात! ते जिंकण्याइतके वेगवान आहेत हे दिसत होतं तरी कुणी उचललं नाही. पुढं १८७३ मध्ये ट्रजन नावाच्या इंग्रजानं दक्षिण अमेरिकेत बघितलेली हात टाकायची रीत लंडनला आणली, पाय मात्र कात्रीसारखेच ठेवले. विसावं शतक उजाडता उजाडता सिडनीत सॉलोमन बेटांवरचा ॲलिक विकहॅम हा पोरगा आणि कॅव्हिल घराण्यातली मुलं पाय वरखाली मारत पोहू लागली. 'बघा, पोरगं कसं सरपटतंय' असं कुणी प्रशिक्षक म्हणाला आणि त्यावरून क्रॉल नाव पडलं, असं सांगतात. क्रॉल म्हणजे सरपटणं, रांगणं. पाण्यावरून सरपटत जाणं. १९२२ मध्ये अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर याच शैलीत १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहला, ५८.६ सेकंद, आणि वादच मिटला. १९२६ मध्ये अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली क्रॉल पोहत खाडी पार करून गेली, साडेचौदा तासांत. तोवर जे पुरुष गेले होते त्यांच्यातल्या सगळ्यात वेगवानापेक्षा सुमारे दोन तास कमी.

यात एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते सगळ्या नावांची किल्ली इथं आहे. खुल्या शर्यतीत क्रॉलवालेच जिंकणार असतील तर बाकीच्या शैली पोहणार कोण? त्या जगवायच्या तर त्यांना वेगळी शर्यत द्यायला हवी. १९०० मध्ये बॅकस्ट्रोकला स्वतंत्र शर्यत मिळाली, १९०४ मध्ये ब्रेस्टस्ट्रोकला. मग ब्रेस्टस्ट्रोकमध्येच काही जण हात पाण्यावरून पुढं आणू लागले, त्यावर बरीच वर्षं वाद झाले, शेवटी तो हात बाजूला काढून बटरफ्लाय ही वेगळी शैली केली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिची पहिली शर्यत झाली.

आपल्या गावचं उदाहरण देतो. बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय ही तीन बांध घातलेली रानं आहेत, प्रत्येकाचा उतारा वेगळा, आत कसं वागायचं त्याचे नियम वेगळे. बांधाबाहेर उरलं ते गायरान. ते फ्रीस्टाईल. गायरानात कुणीही जनावर सोडावं. पण तिथं सगळ्यात चपळ जनावर क्रॉल आहे म्हणून गायरानात तेच दिसतं, आणि दिसतं म्हणून लोक गायरानालाच त्या जनावराचं नाव देऊन बसलेत.

हे समजा चुकलं तर काय बिघडतं? माझ्याच हातून बिघडलंय, म्हणून सांगतो. बरीच वर्षं झाली. माझ्याकडं शहापूरची एक मुलगी होती, बारा वर्षांची. ब्रेस्टस्ट्रोक तिच्यासारखा त्या वयात जिल्ह्यात कुणाचा नव्हता. तिला २०० मीटर वैयक्तिक मेडलेत घातली. मेडले म्हणजे चारही शैली एकापाठोपाठ: आधी बटरफ्लाय, मग बॅक, मग ब्रेस्ट, शेवटी फ्रीस्टाईल. पन्नास-पन्नास मीटर. ब्रेस्टस्ट्रोक संपवून ती वळली तेव्हा दुसरी होती. शेवटच्या पंचवीस मीटरमध्ये श्वास पुरेना, हात उचलेनात, आणि तिनं ब्रेस्टस्ट्रोक सुरू केला. तशीच पोहत तिसरी आली. काठावर आली तेव्हा हसत होती. पंचांनी बाद केलं. ती मला म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होता ना, फ्रीस्टाईल म्हणजे कसंही चालतं?"

म्हणालो होतो. सरावाच्या वेळी, सहज. आणि नियम असा आहे की मेडलेत, मग ती एकट्याची असो की चौघांची रिले, फ्रीस्टाईल म्हणजे बॅक, ब्रेस्ट आणि बटरफ्लाय सोडून उरलेली कोणतीही शैली. गायरान तिथं एकदम आकसतं. शब्द तोच, अर्थ वेगळा. त्यात आता हेही आहे की मेडलेच्या फ्रीस्टाईलमध्ये वळण सोडून पूर्ण वेळ पोटावर असावं लागतं. २०१५ च्या कझान विश्वस्पर्धेत अमेरिकेचा रायन लॉक्टी शेवटच्या वळणानंतर पाण्याखाली पाठीवर राहून पाय मारत गेला आणि २०० मीटर मेडले जिंकला, त्यानंतर हा मुद्दा स्पष्ट केला गेला. त्या मुलीला मात्र नियम माहीत नव्हता कारण तिच्या प्रशिक्षकानं नीट सांगितला नव्हता. त्या दिवसापासून मी तलावावर हाताला क्रॉलच म्हणतो आणि फ्रीस्टाईल हा शब्द फक्त शर्यतीसाठी ठेवतो. पोरं आठवड्यात शिकतात. पालकांना महिना लागतो.

उलटंही होतं. एका शालेय स्पर्धेत फ्रीस्टाईलमध्ये ब्रेस्टस्ट्रोक पोहलेल्या मुलाला पंचांनी बाद केलेलं मी पाहिलंय. ते चूक होतं. अशा वेळी भांडू नका, सोबतच्या शिक्षकांना लेखी हरकत द्यायला सांगा. मोठ्या स्पर्धांत ती शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासात द्यावी लागते, म्हणून घरी येऊन चर्चा करण्यात अर्थ नसतो.

आता क्लासच्या सरांच्या 'बसलेली नाही'कडं येतो. तुमचा मुलगा नदीत शिकलाय, म्हणजे मला न बघताही त्याचा क्रॉल डोळ्यांसमोर येतो. डोकं वर, मान ताठ, नजर समोर, हात दणादण पडतायत, पाय मात्र गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे, आणि कंबर बुडालेली. पंधरा मीटरला दमतो. बरोबर ना? मीही असाच शिकलो, मार्कंडेय नदीवर, पाठीला रिकामा डबा बांधून. डोकं वर काढणं ही नदीतली चूक नव्हे. नदीत समोर काय येतंय ते बघावंच लागतं: ओंडका, झुडूप, भोवरा, पलीकडचा उतार. तलावात समोर काही येत नाही, तळाला काळी पट्टी आहे, ती बघत जायचं. पाण्यात शरीर तराजूच्या दांडीसारखं वागतं. डोकं वर गेलं की पाय खाली. पाय खाली गेले की छातीनं पाणी फोडत जावं लागतं आणि सगळी ताकद तिथंच जाते.

म्हणून क्रॉल बसवायचा म्हणजे आधी हात नव्हे, श्वास. शंभरातल्या नव्वद पोरांचं दमणं हाताचं नसतं. ती तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरतात, मग तोंड वर येतं त्या अर्ध्या सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही प्रयत्न करतात. जमणार कसं? सोडायचं ते पाण्यात, नाकातोंडातून बुडबुडे काढत, हळूहळू. वर आल्यावर फक्त घ्यायचं. हे काठाला धरून, उभ्या-उभ्यानं, रोज दहा मिनिटं. एक आठवडा दुसरं काही करू नये.

मग मान वळवणं. मान उचलायची नाही, वळवायची, आणि तीसुद्धा एकटी नाही, खांद्याबरोबर. मी पोरांना म्हणतो, पुढं गेलेल्या दंडावर कान ठेव, उशीवर ठेवतो तसा, आणि एक डोळा पाण्यातच राहू दे. दोन्ही डोळे बाहेर आले की समजायचं, मान उचलली. हात पुढं गेला की क्षणभर पसरू द्यायचा, मग कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटापासूनचा हात उभा करायचा आणि पाणी मागं ढकलायचं. खाली दाबायचं नाही. खाली दाबलं की शरीर वर उचललं जातं, पुढं जात नाही. पाय मांडीपासून हलवायचे, घोटा सैल, ओलं फडकं झटकताना मनगट जसं सैल असतं तसा. बुटासारखा ताठ पाय शंभर वेळा आपटला तरी पोरगं जागचं हलत नाही.

क्रॉल वेगवान का, तेही यातच आहे. एक हात मागं ढकलतो तेव्हा दुसरा पाण्याबाहेरून, हवेतून पुढं येतो, हवेत त्याला अडवणारं काही नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात आणि दोन्ही पाय पाण्यातूनच पुढं आणावे लागतात आणि त्या वेळी शरीर थांबल्यासारखं होतं. क्रॉलमध्ये ती थांबण्याची जागाच नाही.

पण क्रॉल आला म्हणजे नदी आली असं पोराला वाटू देऊ नका. तलावावर डोकं पाण्यात घालून झपाझप पन्नास मीटर जाणारी मुलं पावसाळ्यात नदीत भरवशाची नसतात. समोरचं दिसत नाही, अंगावर कपडे, पाणी गढूळ, ओढ वेगळी. जीवरक्षकसुद्धा बुडणाऱ्याकडं जाताना क्रॉल डोकं वर ठेवून पोहतात, तो दिसत राहावा म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेचं पाणी आपल्या जिल्ह्यात गावांत शिरलं ते तुम्ही पाहिलंय. तसल्या पाण्यात चांगल्या पोहणाऱ्यानंही उतरू नये. कुणी बुडत असेल तर आधी दोर, ट्यूब, बांबू, जे हाती लागेल ते टाकावं. मामानं शिकवलेलं डोकं वर ठेवून पोहणं त्याला विसरू देऊ नका. दोन्ही असू द्यात.

फ्रीस्टाईलच्या मुभेचा खरा अर्थ मला कुणाच्या पोहण्यात दिसला असेल तर मुरलीकांत पेटकर यांच्या. सांगली जिल्ह्यातले, आपल्यापासून काही फार लांब नाहीत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहले आणि भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. ब्रेस्टस्ट्रोकला पायांचा नियम आहे, बटरफ्लायला आहे. फ्रीस्टाईल पाय कसे चालवा हे विचारतच नाही. माझ्याकडं पोलिओमुळं एका पायात बळ कमी असलेला मुलगा आला होता, त्याच्या वडिलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. चार वर्षं नियमित येत होता.

आणि शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाईल पोहला, तेव्हा आमच्या तलावावरची गर्दी अचानक वाढली होती. प्रत्येक आईबापाला पोराला 'फ्रीस्टाईल शिकवा' असंच सांगायचं होतं. त्यांना क्रॉल म्हणायचं होतं.

तर ताई, तुमचा फॉर्म. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला नाव घाला, तिथं त्याची खरी शर्यत आहे. ५० मीटर फ्रीस्टाईललाही घाला. अर्धं अंतर क्रॉल पोहू दे, श्वास फुलला तर ब्रेस्टस्ट्रोकवर येऊ दे, नियमात बसतं. त्यामुळं मागं राहिला तरी बाद होणार नाही, आणि गर्दीच्या शर्यतीत उडी मारायची सवय होईल. मेडलेच्या रकान्यात यंदा खूण करू नका, शेवटचे पन्नास मीटर पूर्ण क्रॉल जमेपर्यंत नको. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लासच्या सरांना एवढंच विचारा की तलाव पंचवीस मीटरचा आहे की पन्नासचा. पंचवीसचा असेल तर वळण येणार, आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या वळणाला दोन्ही हात एकदम लावायचे हे त्याच्याकडून दहा वेळा करून घ्यायला सांगा.